कुवेतच्या वेळेवर मेलेली पाखरं

माझ्या वडलांना, आण्णांना, झोपाळू ठरवलं ते एका यंत्रानं, आणि त्यावर शिक्कामोर्तब केलं ते माझ्या आईनं. यंत्राचं मी पुढं दुरुस्त केलं. आईचं मला जमलं नाही, आणि आता जमेल असंही वाटत नाही.

आमचं गाव विट्यापासून जवळ. आमच्याकडचे पुरुष गलाईच्या धंद्यावर, म्हणजे सोनं गाळायला, देशभर पांगलेले. आण्णाही तरुणपणी गेले होते, पण अ‍ॅसिडचा धूर छातीला सोसेना म्हणून वर्षभरात परत आले. जे परत येत नाहीत ते दिवाळीला मोठ्या गाड्या घेऊन येतात, आणि जे परत येतात ते त्या गाड्यांना वाट करून देतात. असेच एक गाडीवाले कायमचे गावी आले आणि त्यांनी माळावर कोंबड्यांचं बंद शेड टाकलं. आम्ही सगळे त्यांना मालक म्हणतो. आण्णा तिथं रात्रपाळीला लागले आणि आई दिवसा, खाद्य घालायला आणि साफसफाईला.

बंद शेड म्हणजे लांबलचक पत्र्याची पेटीच. खिडकी नाही. एका टोकाला मोठाले पंखे, ते हवा ओढतात म्हणून आतली पाखरं जगतात. आमच्याकडं कोंबड्यांना पाखरंच म्हणतात. पंखे बंद पडले तर अर्ध्या तासात सगळी गुदमरून मरतात, इतका साधा हिशेब. एक भोंगा होता, पण उंदरांनी त्याची वायर खाल्ल्यापासून तो मुका झाला होता आणि मालकांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण रात्री आण्णा होते. आण्णांचं काम एवढंच, की डोळ्यांत तेल घालून पंख्यांचा आवाज ऐकत बसायचं आणि ब्रेकर पडला तर उचलायचा.

सकाळी सहाला पाळी बदलायची. तेव्हा मालकांचा भाचा यायचा, निदान तसं म्हणायची पद्धत होती. आण्णा सहाला दार उघडून आत नजर टाकत, किल्ली खिळ्याला अडकवत आणि घरची वाट धरत. भाचा कधी उगवतो ते पाहायला थांबणं म्हणजे मालकाच्या घरावर पहारा करणं, आणि ते काम आण्णांच्या पगारात बसत नव्हतं.

एका सकाळी शेडमधली सगळी पाखरं मेली. ब्रेकर पडला, पंखे थांबले आणि उचलायला कुणी नव्हतं. दहाला कामावर आलेल्या आईला आणि बाकीच्या बायकांना नाकातोंडाला पदर बांधून आत घातलं. दिवसभर त्या दोन्ही हातांत पायांच्या जुड्या धरून पाखरं ओढत होत्या आणि मागच्या खड्ड्यात टाकत होत्या. खड्ड्यावर चुना टाकून झाल्यावर मालकांनी सगळ्यांना चहा दिला. आईनं तो घेतला आणि बाजूला जाऊन ओकली.

भाचा म्हणाला, "मी सहाला आलो, च्या घेतला, दार उघाडलं तर सगळा सडा. काय करावं कळंना. ब्रेकर उचलला, पाखरं हालवून बघत बसलो, मग मामाला फोन केला."

आण्णा म्हणाले, "मी सहाला बघून गेलो. जित्ती हुती. वरडत हुती."

दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता आणि गावाला कोण खोटं बोलतो याच्यापेक्षा कुणाला खोटं पाडणं परवडेल याची काळजी जास्त होती. आईला मात्र तसं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनं आण्णांना औंधला नेलं, यमाईच्या डोंगरावर चढवलं, देवीच्या पायरीवर त्यांचा हात ठेवला आणि म्हणाली, "आता बोला." आण्णा बोलले. झोप लागली नाही, सहाला पाखरं जिवंत होती. आईचं समाधान झालं. खाली उतरताना तिनं त्यांना उसाचा रस पाजला, असं आण्णाच मला पुढं सांगायचे.

तिचं ते समाधान दोनच दिवस टिकलं, कारण मालकांनी मग लॉग काढला.

शेडच्या ऑफिसमागं एका खोपटात सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे सगळ्या शेडचा कारभार बघणारा संगणक. पंखा कधी सुरू झाला, कधी थांबला, दार कधी उघडलं, हे सगळं तो वेळेसकट आपोआप लिहून ठेवतो. त्या नोंदींनाच लॉग म्हणतात. एरवी त्या खोपटाकडं कुणी फिरकत नसे, मालकांच्या मोबाइलवर त्या घडीचं सगळं दिसायचं आणि मोबाइल आपली स्वतःची वेळ दाखवायचा. पण आता प्रकरण देवीपर्यंत गेलं होतं. मालकांनी विट्याहून एकाला बोलावून त्या सकाळचा लॉग छापून घेतला आणि शेडच्या दारात सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवला.

दार उघडलं, साडेतीन. पंखे बंद, पावणेपाच. दार उघडलं, साडेसहा.

मेलेली पाखरं सापडेपर्यंतच्या एवढ्या तीनच ओळी. सहाला दार उघडल्याची नोंदच नव्हती. पंखे थांबले तेव्हा आण्णांची पाळी होती. भाचा सहाला आला, चहा प्यायला, साडेसहाला त्यानं दार उघडलं, सगळं कसं मापात बसत होतं. मालकांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मशीन काय माझं भाचं न्हाई. ते कुनाचं लागत न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. आई बायकांत उभी होती, तिनंही डोलावली.

मी त्या वेळी पुण्यात नोकरीला होते, असल्याच सर्व्हरच्या दुरुस्तीचं काम करत होते. रविवारी आले आणि मालकांना म्हटलं, मला ते यंत्र बघू द्या. ते म्हणाले, "ताई, वकिली पुन्यात कर." मी पुन्हा मागितलं तर म्हणाले, कागद बघ. मी कागद पाहिला. कागदावर वेळ होती, पण ती कुठली वेळ हे कागद सांगत नाही. मालकांनी मोठ्या मनानं पोलिसांत दिलं नाही, हे मला त्यांनी स्वतःच तीनदा सांगितलं, आणि आण्णांना कामावरून काढलं हे एकदाही नाही.

गावानं मग आण्णांची करमणूक करून घेतली. एसटी थांब्यावर बसणारे बाप्ये हाक मारायचे, "आण्णा, जागं हायसा न्हवं?" कुणाच्या घरी बारसं असलं की म्हणायचे, पाळणा हलवायला आण्णांना सांगा, पोरगं आणि आण्णा दोघंबी झोपतील. एका लग्नात आण्णा पंगतीला बसले तर मांडववाल्यानं त्यांच्या पानासमोर उशी आणून ठेवली. सगळी पंगत हसली. आण्णाही हसले, उशी नीट उचलून मागं ठेवली आणि जेवले. मी समोर बसले होते. माझ्या हातातली वाटी त्या मांडववाल्याच्या डोक्यात घालायची राहिली याचं मला आजही वाईट वाटतं.

पण बाहेरच्यांचं काय, ते घटकाभर हसून आपापल्या घरी जायचे. आई घरीच असायची. आईच्या लेखी पाखरं मेली ही गोष्ट लहान होती. आण्णा यमाईच्या पायरीवर हात ठेवून खोटं बोलले ही मोठी. ते पाप फेडायचं तिनं स्वतःकडं घेतलं आणि दर पौर्णिमेला अनवाणी औंधचा डोंगर चढायला लागली. परत आली की ओट्यावर बसायची आणि पाय लांब करून तळवे दाखवायची. "बघा. तुमच्या झोपंपायी माझं पाय सोलायल्यात." आण्णा चुलीवर पाणी तापवायचे आणि तिचे पाय धुवायचे. तिला तेवढ्यानं भागत नसे. भाकरी वाढताना, अंथरूण घालताना, कुणी पाहुणा आला तर त्याच्यादेखत, ती झोपेवरून काहीतरी टोचायचीच. "ह्यास्नी च्या द्या गं, न्हाईतर इथंच पेंगायचं." आण्णा दुपारी आडवेसुद्धा व्हायचे बंद झाले. डोळे चोळताना कुणी बघू नये म्हणून परसात जायचे.

आणि मग जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचली ती घडली. आण्णांना ते पटलं. एकदा मी सुट्टीला आले असता गोठ्यात शेण काढताना ते हळूच म्हणाले, "लागली आसंल गं डुलकी. मशीन कशाला खोटं बोलंल?" मी म्हटलं, तुम्ही तर दार उघडून बघितलं होतं ना? ते म्हणाले, "रोजच बघायचो. त्या दिशी बघितलं का आदल्या दिशी, आता काय सांगू." पुढच्या आठवड्यात ते आपल्या पायांनी मालकांकडं गेले आणि चुकलं माझं म्हणून आले. मालकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आईनं त्या दिवशी शेवया केल्या.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी सांगलीला आले आणि स्वतःचा धंदा सुरू केला. पतसंस्था, दवाखाने, बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, जिथं जिथं सर्व्हर रुसतो तिथं मी जाते. भाचा दरम्यान सुपरवायझर झाला होता आणि आई त्याच्याच हाताखाली राबत होती. एके दिवशी मला मालकांचाच फोन आला. ज्या कंपनीसाठी ते पाखरं वाढवत होते, तिनं शेडचे लॉग थेट आपल्याकडं मागवायला सुरुवात केली होती आणि त्यातल्या वेळा कशाशीच जुळत नव्हत्या. खाद्य घालायची वेळ एक, लॉगमध्ये भलतीच. कंपनीचे लोक ओरडत होते.

"ताई, तुझ्याशिवाय कोन हाय आता?" मालक म्हणाले. पुण्यातली वकिली त्यांच्या ध्यानात राहिली नसावी. मी म्हटलं, येते. मला ते यंत्र बघायचंच होतं, आणि आता तर ते स्वतः बोलावत होते.

लॉगमधली वेळ चुकणं हे माझ्या धंद्यात सर्दीपडशासारखं आहे. बहुतेक यंत्रं जगाची एक सामायिक वेळ धरून नोंदी करतात. ती आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागं असते. कुणीतरी आपला देश निवडायला विसरतं आणि सगळे लॉग साडेपाच तास मागं पडतात. मी दार उघडायच्या आतच निदान करून टाकलं होतं. खोपटात गेले, कोळीष्टकं झाडली, सर्व्हरला पडदा जोडला. मग एका बाईला शेडचं दार उघडायला सांगितलं, माझ्या घड्याळात बघितलं आणि लॉगमध्ये आलेली ओळ बघितली.

फरक साडेपाच तासांचा नव्हता. अडीच तासांचा होता.

हे मला नवीन होतं. घड्याळाचा सेल मेला असेल म्हणावं, तर सेल मेलेलं घड्याळ असं बरोब्बर अडीच तासांवर थांबत नाही, ते वाटेल तिकडं भरकटतं. म्हणून मी इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय तपासली. ती चालू होती आणि चोख होती. म्हणजे घड्याळ बरोबर होतं, यंत्र फक्त चुकीच्या देशात बसलेलं होतं. मी देशांची यादी उघडली. निवड केलेली होती कुवेतची.

मला हसू आलं. सोनं गाळायला आमचे लोक कुठं कुठं जातात, पण यंत्र कुवेतला गेलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मी मालकांना हाक मारून विचारलं, "हे कुवेत कुणी केलं?"

मालक खूश झाले. त्यांनी मला ऑफिसात नेलं. तिथं भिंतीवर गणपतीशेजारी एक चौकट टांगलेली होती, तिला वाळका हार. चौकटीत यंत्राची एक छापील ओळ, शेडची पहिली नोंद, उद्घाटनाच्या दिवसाची. वेळ सकाळी दहा.

"आगं, गुरुजींनी धाचा मुहूर्त काढलेला," मालक सांगायला लागले. "आन् उद्घाटनाला बोलिवल्यालं सायेब आलं साडेबाराला. आता मुहूर्त तर गेला. पर मी म्हनलं, मानसं चुकली तर चुकली, मशीनची पयली नोंद धाचीच पायजे. धंद्याचा सवाल हाय. मशीन बसवायला आल्यालं पोरगं हुतं, त्येनं घड्याळ मागं घेतलं, तर ते बेनं आपोआप परत फुडं! दोनदा केलं, दोनदा फुडं. मग पोरानं डोस्कं लावलं. घड्याळ ऱ्हाऊ द्या म्हनला, देशच बदलू. कुवेत केलं, बरोब्बर धा! सायबांनी बटन दाबलं, आमी टाळ्या वाजवल्या."

"आणि परत भारत कधी केला?"

"आं?"

"देश. परत कधी बदलला?"

"ऱ्हायलं बघ ते तसंच," मालक मनापासून हसत म्हणाले. "मोबाइलवर सगळं बरुबर दिसायचं. त्या खोपटात कशाला कोन जातंय?"

मी खोपटात परत गेले. जुने लॉग यंत्रानं टाकून दिले असतील अशी मला भीती होती, पण यंत्रं सहसा काही टाकत नाहीत. ती सकाळ तिथंच होती, त्याच तीन ओळी. मी प्रत्येकीत अडीच तास मिळवले. बोटांवर मिळवले, कारण डोकं चालत नव्हतं.

दार उघडलं, सहा. पंखे बंद, सव्वासात. दार उघडलं, नऊ.

सहाला आण्णांनी दार उघडून पाहिलं होतं, ते म्हणाले तसंच. पंखे थांबले तेव्हा ते घरी चुलीपुढं बसून चहा पीत होते. आणि भाचा उगवला नऊला. सहापासून नऊपर्यंत शेडमध्ये एकही माणूस नव्हता. मी मालकांना बोलावलं आणि खुर्चीवर बसवून सगळं दाखवलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. चार राज्यांत दुकानं चालवलेला माणूस, त्याला मिळवणी येते. मग उठून त्यांनी खोपटाचं दार लोटून घेतलं.

"हे कुनाला बोलू नगंस."

"तुम्ही घरी चला," मी म्हटलं. "आण्णांना सांगा."

"मी?" त्यांनी असं विचारलं जणू मी त्यांना शेडमधली विष्ठा उचलायला सांगितली होती. "आता जुनं उकरून काय करायचं ताई? पाखरं काय उठून येनार हायत?" आणि वर, "आता फुडचं बरुबर झालं न्हवं? कंपनीचं लोक वरडनार न्हाईत न्हवं?"

मी म्हटलं, पुढचं बरोबर झालं. बाहेर भाचा मोबाइल बघत उभा होता. मी त्याच्यासमोर जाऊन म्हटलं, "तू त्या दिवशी नऊला आलास." त्याला कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. पडद्यावरून बोट न काढता तो म्हणाला, "लय वर्सं झाली ओ. ध्यानात न्हाई."

मी घरी गेले. आण्णा ओट्यावर शेंगा फोडत होते. मी त्यांना कुवेत समजावून सांगितलं, मुहूर्त सांगितला, तीन ओळी सांगितल्या. त्यांनी मला पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे मी जागा हुतो."

"हो."

"सहाला बघितलं मी. जित्ती हुती."

"हो आण्णा."

ते उठले, तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला. मला वाटलं, आता एसटी थांब्यावर जाणार आणि एकेकाची जिरवणार. माझ्या मनात तर मांडववाल्यापासून सुरुवात करायची होती. पण आण्णा कुठं गेले नाहीत. सदरा घालून पुन्हा ओट्यावर बसले आणि आईची वाट बघू लागले.

दिवे लागायच्या सुमाराला आई आली. मालकांनी तिला अर्धवट काहीतरी सांगितलं होतं आणि हातात पिशवी दिली होती. पिशवीत सोललेल्या दोन कोंबड्या होत्या. झालं गेलं इसरा, असा निरोपही होता. आई दारातूनच ओरडली, "आवं, तुमी झोपलाच नव्हतासा!" जणू ही बातमी आण्णांना तीच पहिल्यांदा देत होती. तिचा आनंद खरा होता, त्यात काही खोट नव्हती. तिनं भिंतीवरून शेजारणीला सांगितलं, देव्हाऱ्यात दिवा लावला, यमाईला हात जोडले, वाटण वाटलं. घरभर मसाल्याचा वास सुटला. मीही मूर्खासारखी खोबरं भाजून देत होते.

पानं वाढली. आण्णा पानावर बसले, पण हात पुढं केला नाही. आईला म्हणाले, "त्या दिशी खड्ड्यात टाकताना पाखरं कशी हुती?"

"कशी म्हंजे? मेल्याली."

"गार का गरम?"

आई वाढता वाढता थांबली. मी तिच्याकडं बघितलं. तिनं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन.

"गरम हुती."

"किती गरम?"

"आत्ताच मान टाकल्यागत. माना मऊ हुत्या." मग घाईनं म्हणाली, "मला वाटलं ढिगात हुती म्हनून गरम लागत्यात. बंद शेड ते."

"मग बोलली का न्हाईस?"

"मशीनचा कागद हुता की. समदी म्हनत हुती."

"मी काय म्हनत हुतो?"

रश्श्याचा चमचा तिच्या हातात तसाच होता आणि त्यातून थेंब फरशीवर पडत होते. मी मध्ये पडले. म्हटलं, आण्णा, तुम्हीसुद्धा शेवटी कबूल केलंत की, तुम्हालाही यंत्राचंच खरं वाटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"माझं मी बघीन," ते म्हणाले. "मी झोपलो हुतो तवर तुझं समदं ऐकून घेतलं. माझ्या वाट्याचं हुतं, घेतलं. पाय धुतलं तुझं. आता ते समदं कुनाच्या वाट्याचं?"

ते पानावरून उठले. आईनं त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. जोरात नाही. गर्दीत कुणाचा धक्का लागला की आपण अंग काढून घेतो तसा. आई रडायला लागली आणि मग ओरडायला लागली. अनवाणी डोंगर चढले, दर पौर्णिमेला चढले, कुणासाठी चढले, असं ओरडत राहिली. आण्णा परसात जाऊन बसले. त्या कोंबड्या कुणीच खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तर आण्णा पिशवी घेऊन तयार होते. जन्मभर त्यांनी लेकीच्या घरी मुक्काम केला नव्हता. सकाळी आले तर संध्याकाळच्या एसटीनं परत, जावयाच्या घरी राहणं त्यांना भिकेसारखं वाटायचं. आता ते माझ्या घरी राहतात. दुकानात बसतात, लोकांच्या यंत्रांवरची धूळ पुसतात. दुपारी गाढ झोपतात, घोरतातसुद्धा. माझ्या नवऱ्याची तक्रार नाही. गावाला मात्र नवा खेळ मिळाला आहे. थांब्यावर म्हणतात, मशीन कुवेतास्नं परत आलं आन् आण्णा सांगलीला गेलं. मालकांनी ती चौकट अजून काढलेली नाही. मुहूर्त लाभला, असंच ते मानतात.

आई रोज फोन करते. जेवलं का, विचारते. मी आण्णांकडं फोन धरला की ते रस्त्याकडं बघतात. एकदा मी चिडून म्हटलं, किती दिवस हे? चूक काय तिची एकटीची, सगळ्या गावाची होती. ते शांतपणे म्हणाले, "गावाच्या हातचं मी कवा खाल्लं?" माणूस जन्मभर मऊ असला की आपण धरून चालतो की तो शेवटपर्यंत मऊच राहणार. आण्णांच्यात इतकं कठीण काही होतं, हे मला माहीत नव्हतं. आईला तर नव्हतंच.

गेल्या महिन्यात मी एकटी गावी गेले. आई शेडवर जायच्या गडबडीत होती. भाच्याला उशीर चालत नाही, अर्धा दिवस कापतो. तिनं माझ्यासाठी भाकरी केली होती, आणि आण्णांसाठी वेगळ्या दोन फडक्यात बांधायला काढल्या. मी म्हटलं, आई, नको बांधू, ते खाणार नाहीत, मागच्या वेळच्या मी गाईला घातल्या. तिनं फडक्याची अर्धी मारलेली गाठ सोडली. भाकरी परत टोपल्यात ठेवल्या. मग माझ्याकडं तोंड करून बसली. मला वाटलं, आण्णांना बोलेल, नशिबाला बोलेल.

"तू कशाला आलीस ते मशीन बघाया?" ती म्हणाली. "कुनी बोलिवलं हुतं तुला? झोपाळू म्हनून का हुईना, माझ्या हातचं खात हुतं."